कार्यक्रम रद्द झाला, बुकिंग फी कोणाकडे मागायची?

प्रश्न : पुण्यातल्या एका मैफलीची प्रत्येकी २,५०० रुपयांची तीन तिकिटे ॲपवरून काढली होती. आदल्या दिवशी आयोजकांनी मैफल रद्द केली. तिकिटांचे ७,५०० रुपये परत आले, पण ८८५ रुपयांची कन्व्हिनियन्स फी परत मिळणार नाही असे ॲपवाले सांगतात. हे कायद्यात बसते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फी आकारायला बंदी नाही, हे आधी स्पष्ट करू. चित्रपटगृहांनी ऑनलाइन तिकिटांवर अशी फी घेऊ नये असे आदेश राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते रद्द केले. त्यातून फी घेता येते एवढेच ठरते. कार्यक्रमच झाला नाही तर ती ठेवून घेता येते का, हा वेगळा मुद्दा आहे आणि तो सोडू नये.

‘आमचे काम तिकीट काढून देण्याचे, ते आम्ही केले,’ असे ॲपवाले म्हणतात. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, त्यामुळे एकट्या ॲपशी भांडत बसू नका. ईमेलमध्ये आलेले बिल उघडून पाहा. बहुतेक वेळा तिकिटाची रक्कम आयोजकाच्या नावावर आणि फी ॲपच्या नावावर असते. तुमची फी तिकिटामागे २५० रुपये, म्हणजे ७५०, अधिक १८ टक्के जीएसटीचे १३५, असे ८८५ रुपये होतात. ही रक्कम ॲपकडे परतावा म्हणून मागा आणि आयोजकाकडे नुकसानभरपाई म्हणून. कार्यक्रम त्याने रद्द केला, म्हणून तुमचे पैसे वाया गेले. आमच्या मते आयोजकाविरुद्धची ही बाजू जास्त भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष सेवेचे पैसे पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पत्रात या कलमाचा उल्लेख करा. फी परत आली तर तिच्यावरचे १३५ रुपयेही आले आहेत ना, हे तपासा. फी परत करताना ॲपला क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची पावती) काढून तो करही वळता करता येतो.

आता क्रम. रद्द झाल्याची सूचना, तिकीट, बिल आणि कार्यक्रमाच्या पानावरच्या अटी यांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या. पान लवकरच काढून टाकले जाते आणि अटी सिद्ध करणे अवघड होते. मग ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. बरीच प्रकरणे इथेच फसतात. लोक चॅटवर आठवडाभर बोलतात आणि त्यालाच तक्रार समजतात. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क ॲपवर द्यावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. ईमेलमध्ये बुकिंग क्रमांक, तारीख, पैसे भरल्याची पद्धत आणि रक्कम लिहा, आणि ‘मला वॉलेटमध्ये किंवा कूपन म्हणून रक्कम नको, मूळ खात्यात हवी’ हे वाक्य घाला. ॲपने दाखवलेले क्रेडिट एकदा स्वीकारले की ‘तुमची तक्रार मिटली’ असे उत्तर येते.

महिना उलटला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, किंवा तिच्या वेबसाइटवर, तक्रार नोंदवा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण ती कंपनीकडे तक्रार पाठवते. त्यानेही भागले नाही तर ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात आयोजक आणि ॲप दोघांनाही प्रतिपक्ष करून तक्रार दाखल करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षे.

आणखी एक गोष्ट, अत्यंत महत्त्वाची. ‘रिफंड हेल्पलाइन’ असे शोधून इंटरनेटवर सापडलेल्या नंबरला फोन करू नका. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकायला सांगणारा माणूस तुमचे पैसे काढून घेतो आहे.

प्रश्न : ॲपवर ‘रिफंड झाला’ दिसते, पण बारा दिवस होऊनही खात्यात काही नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ‘रिफंड झाला’ या शब्दांचा उपयोग नाही, क्रमांक मागा. कार्डाने पैसे भरले असतील तर २३ आकडी एआरएन, यूपीआयने भरले असतील तर १२ आकडी आरआरएन; दोन्ही व्यवहाराचे संदर्भ क्रमांक आहेत. तो घेऊन बँकेकडे गेलात की पैसे कुठे अडले ते तिला शोधता येते. क्रमांक देता येत नसेल तर बहुधा रिफंड बँकेकडे गेलेलाच नाही. दरम्यान कार्ड बंद केले असेल तरी रक्कम त्याच बँकेकडे जाते. सध्या वापरात असलेल्या तुमच्या खात्यात वळवण्यासाठी बँकेला लेखी अर्ज द्या. क्रेडिट कार्ड असेल तर स्टेटमेंटमधल्या जमेच्या नोंदी नीट पाहा. रक्कम कार्डाच्या थकबाकीत वळती होते आणि बँक खात्यात शोधणाऱ्याला ती दिसत नाही.

प्रश्न : पैसे कापले, तिकीटच आले नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हे रद्द कार्यक्रमाचे प्रकरण नाही, फसलेल्या व्यवहाराचे आहे, आणि इथे नियम कडक आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यापाऱ्यापर्यंत व्यवहाराची खात्री पोहोचली नसेल तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेकडे मागताना हे परिपत्रक सांगा.

प्रश्न : कार्यक्रम रद्द नाही, दोन महिने पुढे ढकलला आहे. नव्या तारखेला आम्हाला जमणार नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : उत्तर न देणे ही इथली सर्वात मोठी चूक. पुष्कळ अटींत ‘ठरावीक दिवसांत कळवले नाही तर नवी तारीख मान्य समजू’ असे कलम असते, आणि ती मुदत काही दिवसांचीच असू शकते. कळल्याबरोबर लेखी कळवा की नवी तारीख मान्य नाही, फीसह परतावा हवा. स्थळ किंवा मुख्य कलाकार बदलला असेल तर तेही पत्रात लिहा, कारण त्याने तुमची बाजू बळकट होते. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेत डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराविरुद्ध हरकत, नोंदवता येतो. कार्ड कंपन्यांच्या नियमांत त्याची मुदत साधारण १२० दिवस असते. ‘बघू या’ म्हणत ती संपू देऊ नका.

प्रश्न : नाटकाची तिकिटे खिडकीवर रोख घेतली. प्रयोग रद्द झाला. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाट्यगृह महापालिकेचे असले तरी पैसे प्रयोग लावणाऱ्या संस्थेने किंवा ठेकेदाराने द्यायचे असतात, म्हणून तिकिटावर छापलेले नाव पाहा. तिकीट परत देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. ‘तिकिटे ठेवून जा, फोन करू’ म्हटले तर तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्याकडून ‘तिकिटे मिळाली’ असे लिहून सही व तारीख घ्या आणि त्या सहीचाही फोटो ठेवा. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नसतो, तेव्हा कराच्या नावाखाली कोणी रक्कम कापली तर ऐकू नका.

प्रश्न : घरगुती अडचणीमुळे आम्हीच लग्न पुढे नेले. मंगल कार्यालय ५०,००० रुपयांची अनामत जप्त झाली म्हणते. पावतीवर तसे छापले आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : छापलेले वाक्य अंतिम नसते. तुम्ही माघार घेतलीत, तेव्हा कार्यालयाला भरपाई मिळू शकते, पण भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी तेवढीच. सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो : ती तारीख पुन्हा दिली गेली का? मुहूर्ताची तारीख सहसा रिकामी राहत नाही. लेखी विचारा, आणि मूळ तारखेला शक्य असेल तर कार्यालयाच्या दारावरच्या वधू-वरांच्या नावाच्या फलकाचा तारखेसह फोटो घ्या. त्याच दिवशी दुसरे लग्न लागले असेल तर पूर्ण अनामत ठेवून घेण्याला आधार उरत नाही. किरकोळ खर्च वजा करून बाकीची मागा. तारीख खरेच रिकामी गेली असेल तर निम्म्यावर तडजोड झाली तरी ती वाईट नाही. कार्यालयाचा नकार लेखी घ्या. आयोगाकडे जाण्याची दोन वर्षे कधीपासून मोजायची, याचा तोच पुरावा असतो.