मुदत संपली, घर रिकामं नाही आणि नवा करार होऊन बसला

प्रश्न: माझा फ्लॅट 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर दिला होता. मुदत 31 जानेवारीला संपली. मुलांच्या परीक्षा होईपर्यंत थांबू द्या, अशी भाडेकरूंनी विनंती केली. मी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एप्रिलअखेरपर्यंत राहा, भाडं थोडं वाढवून द्या’ असं कळवलं आणि त्यांनी तीन महिने तसं दिलंही. दरम्यान मी दुसऱ्या कुटुंबाकडून टोकन घेऊन 1 जूनपासूनचा करार नोंदवला. आता जुने भाडेकरू म्हणतात, ‘मी भाडं भरलंय, म्हणजे मी कायदेशीर भाडेकरू झालो. दोन महिन्यांची नोटीस द्या.’ काय करावं?

उत्तर: लायसन्सवर, म्हणजे फक्त वापराच्या परवानगीवर, राहणारा घराचा मालक होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. तुमचं सगळं प्रकरण दोन तारखांवर उभं आहे. एक नोंदणीकृत करारातली 31 जानेवारी, आणि दुसरी तुमच्याच संदेशातलं ‘एप्रिलअखेर’.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधलं कलम 24 राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घरांना लागू होतं. सक्षम प्राधिकाऱ्यापुढे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे) अर्ज केला की तिथे मुख्य प्रश्न एकच असतो: मुदत संपली की नाही? लेखी करारात जे नमूद आहे त्याचा तो करारच निर्णायक पुरावा मानला जातो. घर तुम्हाला कशासाठी हवंय, नवं कुटुंब येणार आहे का, हे सांगत बसायची गरज नाही. दोन महिन्यांच्या नोटिशीचं म्हणाल, तर करारातलं नोटिशीचं कलम साधारणपणे मुदतीच्या आत करार मोडण्यासाठी असतं. तुमच्या करारातले नेमके शब्द मात्र तपासून घ्या.

अडचण फेब्रुवारीत तयार झाली, आणि ती तुम्ही केलीत. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, दलालाची किंवा भाडेकरूची नाही. ती पाळली नाही, तर काय अटी ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होत असताना तीन महिन्यांची मुदतवाढ एका संदेशावर उरकणं मला समजत नाही. असे प्रश्न सतत येतात आणि बहुतेकांत हीच चूक असते: पहिला करार चोख, पुढचं सगळं तोंडी.

तुमचं नशीब एवढंच की संदेशात तुम्ही तारीख घातलीत. भाडेकरू त्या संदेशावर बोट ठेवून ‘मला मुदतवाढ दिली होती’ म्हणाले, तर तोच संदेश सांगतो की ती एप्रिलअखेर संपली. संदेश नाकारला, तर 31 जानेवारी उभीच आहे. कुठल्याही बाजूने गेलं तरी मुदत उलटलेली आहे. म्हणून तो फोन विकू नका, चॅट डिलीट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 (पुराव्यांबाबतचा कायदा) च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडूनच तो संदेश दाखल करावा लागेल.

आणि आता तिसऱ्यांदा काहीही कबूल करू नका. ‘बरं, सोय होईपर्यंत राहा’ एवढं जरी लिहिलंत, तरी तुमच्या बाजूची ती दुसरी तारीख गेली. वेळ द्यायचाच असेल, तर ठरावीक दिवसाचा उल्लेख असलेला नोंदणीकृत करार करून द्या.

याच आठवड्यात वकिलामार्फत नोटीस पाठवा. फेब्रुवारी ते एप्रिलची रक्कम केवळ घराच्या वापराचा मोबदला म्हणून स्वीकारली, त्यातून नवा हक्क निर्माण होत नाही, आणि मुदत संपलेली आहे, असं तिच्यात स्पष्ट लिहा. पुढेही खात्यात पैसे येत राहतील. ते तुम्हाला अडवता येणार नाहीत, पण रक्कम जमा होईल त्याच दिवशी हीच भूमिका लेखी कळवा. कलम 24 प्रमाणे मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याकडून करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. तुम्ही स्वतः मुदतवाढ दिलेल्या तीन महिन्यांसाठी ती मागणी टिकेल असं मला वाटत नाही. मे महिन्यापासून मागा.

अर्जात भाडेकरूंचा घराचा आणि नोकरीचा, दोन्ही पत्ते द्या. समन्स बजावलं गेल्यापासून 30 दिवसांत त्यांना प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर तुमचं म्हणणं मान्य आहे असं धरून आदेश होतो. कागदावर ही प्रक्रिया झटपट आहे. प्रत्यक्षात समन्स परत येतं, तारखा पडतात, आदेशानंतर फेरतपासणीचा अर्जही येऊ शकतो. तेव्हा किती महिने लागतील हे मी सांगणार नाही. आपण लायसन्सवर नव्हे, तर कायदेशीर भाडेकरू म्हणून राहतो, हे सिद्ध करण्यात ते यशस्वी झाले, तर मार्गच बदलतो आणि प्रकरण दुसऱ्या न्यायालयात जाऊ शकतं. पहिला करार नोंदणीकृत असल्याने मला ती शक्यता कमी वाटते.

दरम्यान कुलूप बदलणं, पाणी किंवा वीज तोडणं यातलं काहीही करू नका. अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम 29 ची मनाई आहे. बळाने बाहेर काढलंत, तर विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ते ताबा परत मागू शकतात, आणि तिथे मालक कोण हे विचारलं जात नाही.

आता नव्या कुटुंबाबद्दल, कारण इथे चूक नसलेली माणसं अडकली आहेत. हातात चावी नसताना 1 जूनचा करार नोंदवायला नको होता. त्यांना आजच लेखी खरी परिस्थिती कळवा. त्यांना थांबायचं नसेल, तर टोकन आणि अनामत तातडीने परत करा आणि करार रद्द करण्याचा दस्तही नोंदवा. लपवून ठेवलंत आणि त्यांनी सामान बांधलं, तर नुकसानभरपाईची मागणी तुमच्यावर येईल, आणि ती रास्त असेल.

भाडेकरू सामोपचाराने निघत असतील, तर अनामत आणि चावी यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत करा. ताबा पावतीवर तारीख, वीज मीटरचं रीडिंग, परत मिळालेल्या चाव्यांची संख्या आणि ‘घरावर आमचा कोणताही हक्क राहिलेला नाही’ हे वाक्य हवं. खाली करारावर सही केलेल्या प्रत्येकाची सही घ्या. ती पावती हातात आल्यावर, रंगरंगोटीला लागतील तेवढे दिवस धरून, मगच पुढच्या कराराची सुरुवातीची तारीख टाका. त्या मधल्या दिवसांचं भाडं बुडेल, ते बुडू द्या. आणि नव्या करारात ‘मुदतवाढ फक्त नोंदणीकृत लेखी करारानेच होईल’ हे कलम स्वतः वाचून घातलं आहे का, ते सही करण्याआधी बघा.