‘सायकोसिस’ला मराठीत काय म्हणावे?

एका वाचकाने विचारले आहे की, धाकट्या भावाच्या दवाखान्याच्या कागदावर ‘अक्यूट सायकोटिक एपिसोड’ असे निदान लिहिले आहे आणि ते गावाकडच्या आजीला मराठीत समजावून सांगायचे आहे. कोशात ‘चित्तविकृती’ सापडते, नातेवाईक ‘वेडाचा झटका’ म्हणतात आणि एका मित्राने ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द सुचवला आहे. यांपैकी बरोबर कोणता?

माझ्या मते आजीशी बोलताना हे तिन्ही शब्द टाळावेत, पण प्रत्येकाचे कारण वेगळे आहे.

‘चित्तविकृती’ हा शब्द व्युत्पत्तीने निर्दोष आहे. मूळ स्थितीत झालेला बदल एवढाच ‘विकृती’चा अर्थ. परंतु गेल्या काही दशकांत ‘विकृत’ हे विशेषण आपण इतक्या वेळा अत्याचाराच्या बातम्यांत वाचले आहे की, ‘तुमच्या नातवाला विकृती आहे’ हे वाक्य आजीच्या कानी पडले तर तिला आजार ऐकू येणार नाही, दुराचार ऐकू येईल. ‘विकार’ हा त्याच धातूपासून आलेला सख्खा भाऊ मात्र स्वच्छ राहिला. हृदयविकार, मूत्रविकार, मनोविकार यांपैकी कोणत्याही शब्दाने माणसाच्या चारित्र्यावर डाग पडत नाही. म्हणून मोघम सांगायचे असेल तर ‘मनोविकार’ चालेल. अडचण अशी की, त्यात साधी चिंता आणि उदासीही येतात, आणि सायकोसिसचे जे खास लक्षण, म्हणजे वास्तवाचे भान सुटणे, ते त्यातून कळत नाही.

‘छिन्नमनस्कता’ हे एका विशिष्ट आजाराचे, स्किझोफ्रेनियाचे नाव आहे. सायकोसिस हा एक आजार नव्हे, ती अवस्था आहे. जसा ताप हा मलेरियातही येतो आणि विषमज्वरातही. तीव्र उन्मादात, टोकाच्या नैराश्यात, गांजा किंवा अँफेटॅमिनसारख्या पदार्थांमुळे, दीर्घकाळची दारू एकाएकी बंद केल्यावर, मेंदूला सूज आल्यावर, थायरॉइडच्या बिघाडात, स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने, स्मृतिभ्रंशात, अशा कितीतरी वाटांनी माणूस या अवस्थेला पोचतो. हजार बाळंतिणींपैकी एक-दोघींना प्रसूतीनंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, हा त्रास होतो. अनुवंशाचा वाटा मोठा असला तरी तो सर्वस्व नाही: जनुके सारखी असलेल्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही, निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. जुन्या मराठीत तापात बरळणाऱ्याला ‘वात झाला’ म्हणत. आजच्या वैद्यकात ती ‘डिलिरियम’ ही वेगळी अवस्था मानली जाते, पण शरीराचे दुखणे मनाचे भान हिरावू शकते ही समज त्या दोन शब्दांत होती. चरकसंहितेनेही उन्मादाचे एकच कारण सांगितले नाही, पाच प्रकार सांगितले. तो ‘उन्माद’ शब्द मात्र आता ‘मॅनिया’साठी रूढ झाल्याने आपल्या उपयोगाचा राहिलेला नाही.

येथे ‘भास’ आणि ‘भ्रम’ यांचाही उलगडा करायला हवा, कारण घरच्यांना डॉक्टरांपुढे हेच सांगावे लागते. माझ्या लहानपणी आमच्या एका काकूंनी घरातला रेडिओ ओल्या पंच्यात गुंडाळून पलंगाखाली सरकवून ठेवला होता. सातच्या बातम्यांत निवेदक आपल्याविषयीच बोलतो, अशी त्यांची खात्री झाली होती. निवेदकाचा आवाज खरा होता, सगळ्यांना ऐकू येत होता. त्याला जोडलेला अर्थ तेवढा काकूंचा होता. हा भ्रम. पुढे रेडिओ बंद असताना, रात्री, त्यांना तोच आवाज येऊ लागला. हा भास. पारिभाषिक लेखनात यांना अनुक्रमे ‘संभ्रम’ आणि ‘निर्वस्तुभ्रम’ असेही म्हटलेले आढळते, पण ‘संभ्रम’ म्हणजे व्यवहारात गोंधळ, आणि काकूंच्या मनात गोंधळ मुळीच नव्हता. त्यांच्याइतकी ठाम त्या घरात दुसरी कोणी नव्हती. समजूत घालणारे सगळे हरले ते त्यामुळेच. वेदान्तातला दोरीवरचा साप दिवा आणला की नाहीसा होतो. हा भ्रम दिवा आणल्याने जात नाही.

‘छिन्न’विषयी आणखी थोडे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1908 साली ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द ‘दुभंगणे’ आणि ‘मन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून घडवला, तेव्हा विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांशी असलेली वीण उसवते, असे त्याला म्हणायचे होते. 1911 च्या त्याच्या ग्रंथाच्या नावात तर ‘स्किझोफ्रेनियांचा गट’ असे अनेकवचन आहे. त्या ‘दुभंगा’चा अर्थ लोकांनी एका देहात दोन माणसे असा लावला आणि मराठीत ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ रूढ झाले. तो विकार पूर्णपणे निराळा आहे. काकू आजारातही काकूच होत्या. मुलांना शाळेत जाताना डबा देताना त्यांचा हात कधी चुकला नाही. जपानमध्ये ‘मन दुभंगण्याचा आजार’ अशा अर्थाचे जुने नाव 2002 साली अधिकृतपणे बदलून ‘एकसंधतेचा बिघाड’ अशा अर्थाचे नाव घेण्यात आले, आणि दक्षिण कोरियाने काही वर्षांनी वाद्याच्या तारा जुळवण्यावरून नाव घडवले. तारा उतरल्या तर पुन्हा जुळवता येतात. छिन्न झालेले मात्र सांधता येत नाही. मराठीनेही असा शब्द शोधावा, असे मला मनापासून वाटते.

राहिला ‘वेडाचा झटका’. ‘वेड’ आपण क्रिकेटचेही म्हणतो आणि लाडाने ‘वेडा कुठला’ही म्हणतो, पण आजाऱ्याला लावताच तो शब्द कायमचा शिक्का होतो. शिवाय ‘झटका’ म्हटले की आजीला फिट किंवा हृदयविकार आठवेल. ‘अक्यूट’चे भाषांतर ‘तीव्र’ करणेही येथे फसवे आहे. या निदानात मुद्दा जोराचा नसून वेगाचा आहे: लक्षणे थोड्या दिवसांत उद्भवली, एवढाच त्याचा आशय. ‘अचानक उद्भवलेले’ हे जास्त नेमके.

तेव्हा कागदावर ‘सायकोसिस’ तसाच देवनागरीत राहू द्यावा. मधुमेहाला आपण घरोघर ‘शुगर’ म्हणतोच. आजीला मात्र असे सांगावे: ‘आजी, धाकट्याचं भान अचानक सुटलं होतं. त्याला नसलेले आवाज ऐकू येत होते, आणि ते त्याला खरेच वाटत होते. आता औषध चालू आहे.’ तुमच्या भावाला आवाज येत नसतील, नुसता संशयच असेल, तर मधले वाक्य त्याप्रमाणे बदलावे.