विक्षिप्त कुटुंबावर विनोदी कादंबरी लिहिताना माणसं खोटी वाटू नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही म्हणता, कादंबरी छोट्या गावातल्या एका तऱ्हेवाईक घराची आहे आणि वाचणारे मित्र विचारतात, "अशी माणसं कुठं असतात?" त्यांना ऐन पावसाळ्यात कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत पाठवा. माझं माहेर तिथलं.

पंचगंगा वाढायला लागली की आमच्या घरात तीन पक्ष पडतात. धाकटे काका राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचा आकडा मानतात: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. काकू राधानगरी धरणाच्या दरवाजांवर चालते. ते सात दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात. त्यातले किती उघडले हे ऐकून ती लोणच्याच्या बरण्या माडीवर न्यायला सांगते. थोरले काका यातलं काहीही मानत नाहीत. ते आमच्या जिन्याच्या पायऱ्या मोजतात. "बंधारा बावड्यात हाय. जिना हितं हाय," एवढंच त्यांचं म्हणणं. पाणी दारात आलं की रात्रंदिवस, तासातासाला बॅटरी घेऊन खाली उतरायचं आणि वहीत तारीख, वेळ, पायरी लिहायची.

२०१९ ला मी पंचमीला माहेरी गेले होते. जामदार क्लबाच्या बाजूनं पाणी आधीच चढलं होतं. राजारामपुरीतल्या आत्याकडे निघू या, असं धाकटे काका सकाळपासून ओरडत होते. काकूच्या सगळ्या बरण्या वर गेल्या होत्या. थोरले काका मात्र जिन्यात बसून. त्या वर्षी बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, म्हणजे आमच्याकडे काय झालं असेल बघा. शेवटी एनडीआरएफची बोट दाराशी आली. आम्ही सगळे बसलो, काका बसेनात. त्यांनी जवानापुढे वही धरली. "सहावी पायरी. बघा आणि सही करा." त्याला मराठी येत नव्हतं. बोटीतल्या शेजारणी काकांच्या नावानं ओरडायला लागल्या. तेव्हा काकूच म्हणाली, "करा की हो सही. त्याशिवाय हे हलायचे न्हाईत." त्यानं खरोखर पायरीकडे वाकून बघितलं, सही केली, शेजारी वेळ टाकली. काकांनी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या आत घातली आणि मग पाय बोटीत टाकला.

आता मुद्द्याचं. २००५ च्या पुरानंतर पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं होतं, पाणी कुठवर आलं, कधी आलं, कुणी बघितलं? आमच्यात कुणालाच धड सांगता आलं नाही. घरातलं धान्य, गाद्या, शिलाई मशीन, सगळं गेलेलं आणि कागदावर जवळजवळ काही नाही. काकांनी वही घातली ती त्यानंतर. साक्षीदाराची सही त्यासाठीच.

हे कारण काढून टाकलंत की काका विदूषक होतात. ठेवलंत की हसू येतंच, पण माणूस उभा राहतो. तुमच्या पात्रांचं नेमकं हेच राहून गेलेलं असणार. तऱ्हा सुचवणं सोपं असतं. ती तऱ्हा त्या माणसाला शहाणपणाची का वाटते, हे लेखकाला ठाऊक पाहिजे. त्याला स्वतःला त्यात विनोद दिसता कामा नये.

मी हा प्रसंग एका दिवाळी अंकात लिहिला तेव्हा काकांचा मुलगा, पुण्यात असतो, माझ्यावर भडकला. "बाबांची टिंगल केलीस." लेखात पंचनामा होता, गेलेली मशीन होती. हाच दादा स्वतःच्या मित्रांना हा किस्सा सांगताना बोटीपासून सुरुवात करतो आणि सहीवर संपवतो. २००५ चं नाव काढत नाही. लोक पोट धरून हसतात. टिंगल तिला म्हणतात. काकांना मी लेख वाचून दाखवला होता. ते म्हणाले, "वेळ लिहिली न्हाईस. दुपारचं सव्वातीन."

वाचायचं असेल तर चि. वि. जोशींचा चिमणराव आधी घ्या. कादंबरी नाही, कथा आहेत. पहिलं पुस्तक १९३२ चं, पण चिमणराव, काऊ, गुंड्याभाऊ, मोरू ही माणसं एका घरातली वाटतात, कारण चिमणराव स्वतः सगळं गंभीरपणे सांगतो. मी ती पुस्तकं करवीर नगर वाचन मंदिरातून आणून वाचली. १८५० पासूनचं वाचनालय आहे, तिथं विनोदाच्या कपाटाला कुणी नाक मुरडत नाही. विनोद म्हणजे हलकं लेखन, असं मानणाऱ्यांचं मी ऐकत नाही. तुम्हीही ऐकू नका.

कथानक कसं बांधायचं हेही तुम्ही विचारलंय. माझ्या मते घरातल्या सगळ्यांना एकाच संकटात कोंडा, बाकीचं ती माणसं करतील. बोलीचा मारा टाळा; प्रत्येक वाक्यात "लई भारी" घातलं म्हणून कोल्हापूर होत नाही.

एक राहिलंच. ज्याला खरोखर मनाचा आजार आहे त्याला तऱ्हेवाईक म्हणून रंगवू नका. आणि घरातल्या जिवंत माणसावर लिहिलंत तर छापण्याआधी त्यालाच वाचून दाखवा, त्याच्या मुलाला नव्हे.

दादा, तू हे वाचणार आहेस. वेळ घातली आहे. पंचनाम्याचा परिच्छेद मी काढणार नाही.