बडोद्यात राहून मराठीत एम.ए. करावं, की पुण्याला जावं?

पुण्याची हौस असेल तर जा, पण मला विचाराल तर बडोदंच. मी सयाजीराव विद्यापीठातून मराठी केलं, वर्गात आम्ही सहा जण. वाचून आलो नाही तर लपायला जागा नाही! माझ्या पहिल्या लेखातलं ‘अत्यंत’ सरांनी अकरा वेळा लाल शाईनं खोडलं होतं. आजही तो शब्द लिहिताना हात अडखळतो. आणि मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी सोडू नका. सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून १९१० मध्ये ग्रंथालयांचं जे जाळं सुरू केलं, त्यातलीच ही. काचेच्या जमिनीतून उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपतो. नोकरीचं म्हणाल, तर घरात मराठी आणि रिक्षात गुजराती बोलणाऱ्याला भाषांतराची कामं मिळतात. पैसे बेताचेच.