विचारा, सांगते : ईस्टरचं टेबल

प्रश्न : यंदा ईस्टरच्या दुपारी आमच्याकडे दहा जण जेवायला आहेत. मधोमध फुलांची मोठी रचना, सुगंधी मेणबत्त्या, कागदी ससे आणि रंगीत अंडी असं टेबल सजवायचं मनात आहे. पण मग जेवणाची भांडी कुठे ठेवू? आणि अंडी घरच्या घरी, तयार रंग न आणता रंगवता येतील का?

उत्तर : मनात सगळं असू द्या, टेबलावर मात्र सगळं मांडू नका. आदल्या दिवशी एक करा. दहा ताटल्या, ग्लास, पाण्याचे जग आणि वाढायची भांडी रिकामीच टेबलावर ठेवून बघा. मधे वीतभर रुंदीचा पट्टा उरला तर नशीब समजा. सजावटीची जागा तेवढीच. जेवणाची टेबलं सजवणं हेच माझं काम, त्यामुळे मोठ्या रचनांचं पुढे काय होतं ते मला पाठ आहे. भाजीचं भांडं आलं की कुणीतरी ती रचना उचलतं आणि ती फ्रिजवर जाऊन बसते. मधली सजावट बसलेल्या माणसाच्या हनुवटीखालीच राहू द्या, समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. सुगंधी मेणबत्त्या जेवणाच्या टेबलावर मला अजिबात चालत नाहीत, त्या अन्नाचा वास मारतात. शिवाय भर दुपारी ज्योत दिसणार तरी किती?

सशांनाही रजा द्या. अंडी मात्र हवीतच, कारण टेबलावरचा त्यांचा मान जुना आहे. लेंटच्या चाळीस दिवसांच्या उपवासात पूर्वी अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास पाळत नाहीत! साठलेली अंडी मग ईस्टरला बाहेर निघत.

आता रंग. पांढऱ्या कवचाची अंडी घ्या आणि आधी उकडून गार करा. कांद्याची कोरडी सालं दोन मोठ्या मुठी भरून अर्ध्या लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा आणि गार होऊ द्या. दर कपाला चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला. त्याच्या आम्लामुळे रंग कवचाला धरतो. हात सैल सोडू नका, व्हिनेगर जास्त झालं तर बुडबुडे येऊन कवचच झिजायला लागतं. या पाण्यात अंड्यावर केशरीपासून विटकरीपर्यंत छटा येतात. गडद हवा असेल तर भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. हळदीचा पिवळा लवकर चढतो. बीटचा गुलाबी मला आवडत नाही, वाळल्यावर मळकट वाटतो. खरी गंमत जांभळ्या कोबीची! पाणी जांभळं, पण पांढरं अंडं बाहेर निघतं निळं.

नक्षी हवी असेल तर कोथिंबिरीचं एखादं पान ओलं करून, शिरांची बाजू आत ठेवून उकडलेल्या अंड्यावर चिकटवा. त्यावर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा घट्ट ताणा, मागे दोऱ्याची गाठ मारा आणि मग रंगात सोडा. पानाखालची जागा पांढरी राहते, कडा अगदी कातरल्यासारख्या दिसतात. मोजा सैल असेल तर रंग आत शिरतो आणि नुसता डाग उरतो. अंडं बाहेर काढल्यावर पुसू नका, जाळीवर वाळू द्या. वाळलं की तेलाचा थेंब लावलेल्या कापसाने चोळा, छान चमक येते.

सगळे रंग एकत्र नकोत, दोन पुरेत. ग्रीसमध्ये तर सगळी अंडी लालच रंगवतात, आणि जेवताना एकमेकांच्या अंड्यांवर आपटून कुणाचं टिकतं ते बघतात. उकडलेली अंडी टेबलावर दोन तासांहून जास्त राहिली तर खाऊ नका.

प्रश्न : फुलदाणीत पांढऱ्या लिली ठेवायच्या आहेत. घरात मांजर आहे, चालेल का?

उत्तर : नाही. लिलीचं पान, पाकळी, अंगावर पडून चाटले गेलेले पराग, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. 'उंचावर ठेवते' वगैरे म्हणू नका, मांजर आहे ते. पांढरे गुलाब आणा. ज्यांच्याकडे मांजर नाही त्यांनी लिलीचं फूल उमलताच आतले केशरी परागकोश चिमटीने काढून टाकावेत. तरीही टेबलक्लॉथवर पराग सांडलेच तर चोळू नका, पाणी लावू नका. चिकटपट्टी टेकवून उचला.

प्रश्न : जांभळा टेबलक्लॉथ नवाच आहे. तोच घातला तर?

उत्तर : टेबल तुमचं आहे, बंदी कुणाची नाही. पण चर्चमध्ये जांभळा हा लेंटचा रंग आणि ईस्टरला पांढरा नि सोनेरी. जाणकार पाहुण्याला वाटेल, या घरचा उपवास अजून सुटलेला नाही. पांढरी चादरही चालेल, फक्त कडा नीट इस्त्री करा आणि चारी बाजूंनी वीतभर खाली सोडा. त्याहून लांब सोडली तर बसणाऱ्यांच्या पायात येते. जांभळा ठेवून द्या, पुढच्या लेंटला काढा.