बडोद्यात राहून समुद्रपक्ष्यांचे उडतानाचे फोटो शिकता येतील का? माझ्या फोटोत पक्ष्याचा नुसता पांढरा ठिपका येतो. सुधारण्यासाठी फोटो कोणाला दाखवावेत?

नक्की शिकता येतील. बडोद्याला समुद्र नाही, पण कुरव (गल) आणि सुरय (टर्न) हे दोन्ही समुद्रपक्षी आपल्या आसपास दिसतात. सुरुवात मात्र खंभातच्या आखातावर करू नका, डभोईजवळच्या वढवाणा तलावावर करा. सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तिथे लोक बदकं आणि हंस बघायला येतात. तुम्ही नदी सुरयावर नजर ठेवा. चोच खाली रोखून तो पाण्यावरून फेऱ्या मारतो, मासा दिसला की पंख फडफडवत हवेत एका जागी थांबतो आणि मग सूर मारतो. तो थांबतो तेवढ्या वेळात फोकस बसवायचा. सूर मारतानाचा फोटो पुढे आपोआप जमेल.

उभं कुठे राहायचं हे कॅमेऱ्याच्या सेटिंगपेक्षा महत्त्वाचं आहे. पक्षी उडताना, उतरताना आणि हवेत थांबताना वाऱ्याकडे तोंड करतो. म्हणून वारा आणि ऊन दोन्ही तुमच्या पाठीशी हवेत, म्हणजे पक्षी तुमच्याकडे तोंड करून येईल आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल. सुरयाच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं. विणीच्या काळात त्याची टोपी काळीभोर असते आणि डोळाही काळा, त्यामुळे डोळ्यात उन्हाची टिकली चमकली नाही तर डोळा टोपीत हरवतो आणि फोटो आंधळा वाटतो.

आता तुमचा पांढरा ठिपका. मागे गडद पाणी असलं की कॅमेरा उजेड वाढवतो आणि पिसं जळतात, म्हणजे बारकावा न उरता नुसती पांढरी होतात. मागे आभाळ आलं की तोच पक्षी काळपट पडतो. पक्ष्यावर पडणारं ऊन बदललेलं नसतं, फक्त पार्श्वभूमी बदललेली असते. म्हणून एक्सपोजर (फोटोतला उजेड) मॅन्युअलवर ठेवा, म्हणजे तो कॅमेरा नाही, तुम्ही ठरवाल. उन्हातल्या पांढऱ्या पक्ष्याचा एक फोटो काढा, स्क्रीनवर जळलेला भाग लुकलुकत असेल तर तो थांबेपर्यंत उजेड कमी करा, आणि ऊन बदलेपर्यंत त्याला हात लावू नका. शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या खाली नको, सुरयासाठी १/३२०० बरं. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर. ४०० मिमीची लेन्स पुरते, त्याहून मोठीच्या मागे आत्ता लागू नका.

हात बसला की कावी-कंबोईला जा, स्तंभेश्वर महादेवाच्या किनाऱ्यावर. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की पक्षी ठिपक्यासारखे दिसतात. चढत्या भरतीला ते पाण्याबरोबर किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचा. कोकणात तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब इथे चालत नाही. आखातात आतवर पाणी पोचायला उशीर होतो, तेव्हा छापील वेळापत्रक बघा. आणि पक्षी कितीही जवळ दिसला तरी चिखलात उतरू नका, पाय रुततो आणि पाणी झपाट्याने चढतं.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. गाठिया-शेव टाकून कुरव गोळा करू नका, तो त्यांचा आहार नाही. आणि उन्हाळ्यात नदीतल्या वाळूच्या बेटांवर सुरयांची घरटी असतात, तिकडे फिरकू नका. आई-बाप उठले की अंडी तापत्या उन्हात उघडी पडतात. धोक्यातल्या प्रजातींच्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत नदी सुरय 'असुरक्षित' आहे. कुठे चुकून घरटं दिसलंच तर फोटोबरोबर जागा सांगू नका.

फोटो दोन वेगळ्या प्रकारच्या माणसांना दाखवा. एक पक्षी ओळखणारा. तपकिरी आणि काळ्या डोक्याचे कुरव हिवाळ्यात डोक्यावरून वेगळे सांगणं कठीण, दोघांचीही डोकी पांढरट असतात. प्रौढ पक्ष्यांत खरा फरक पंखात दिसतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या पंखटोकावर पांढरे ठिपके असतात, तर काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी असते. पंखाचं टोक फ्रेमबाहेर गेलं असेल तर तो माणूस पहिलं बोट तिथेच ठेवेल. दुसरा माणूस चित्राची समज असलेला, त्याला पक्ष्यातलं काही कळलं नाही तरी चालेल. आपल्या गावात १९५० पासून एम. एस. विद्यापीठाचं फाइन आर्ट्स (चित्र-शिल्पकला शिकवणारं महाविद्यालय) आहे, ओळखीपाळखीत तिथे शिकलेलं कोणीतरी सापडतंच. "कसा आलाय?" असं विचारलंत तर "मस्त" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा एकाच उड्डाणातले लागोपाठचे तीन फोटो न कापता पाठवा, व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर पिसांचा बारकावा जातो. आणि यातला कुठला ठेवाल, बाकीचे दोन का नाही, एवढंच विचारा.