वाचकांचे प्रश्न : कापसावर मोठे झालेले सवाना

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत अटलांटा येथे राहते. येत्या मार्चमध्ये ती आम्हा दोघांना दक्षिणेकडील सवाना या जुन्या बंदराच्या शहरात नेणार आहे. आमच्या घरी तीन पिढ्या कापूस पिकतो आहे आणि त्या शहराचाही कापसाशी मोठा संबंध होता, असे जावई सांगतात. तो नेमका कोणता?
– एक शेतकरी वाचक, चोपडा

उत्तर : जावयांचे म्हणणे खरे आहे, किंबहुना तो संबंध आपल्या खानदेशापर्यंत येऊन पोहोचतो. सवाना वसले ते मात्र कापसासाठी नव्हे. जेम्स ओगलथॉर्प यांनी १७३३ मध्ये सवाना नदीच्या उंच काठावर, यामाक्रॉ या तेथील मूळ रहिवासी लोकांचे प्रमुख टोमोचिची यांच्या संमतीने, इंग्रजांच्या जॉर्जिया वसाहतीचे हे पहिले गाव उभारले, तेव्हा वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्तांच्या मनात रेशीम होते आणि त्यासाठी तुतीची झाडेही लावण्यात आली. वसाहतीत रम या दारूला बंदी होती, वकिलांना बंदी होती आणि १७३५ पासून गुलामगिरीलाही बंदी होती. (वकिलांविना गाव चालवण्याचा हा प्रयोग आपल्याकडच्या बांधाच्या भांडणांपुढे किती टिकला असता, कोण जाणे.) रेशमाचा बेत फसला, शेजारच्या कॅरोलिनातील भातमळ्यांची श्रीमंती वसाहतवाल्यांच्या डोळ्यांत भरली आणि त्यांच्या आग्रहापुढे १७५१ मध्ये गुलामगिरीवरील बंदी उठली.

कापसाचा खरा काळ १७९३ नंतरचा. त्या वर्षी शहराजवळच्या मलबेरी ग्रोव्ह या मळ्यावर राहत असताना एली व्हिटनी यांनी सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. आखूड धाग्याच्या कापसाची सरकी इतकी घट्ट चिकटलेली असे, की ती हाताने सोडवताना दिवस जाऊनही हाती थोडीच रुई लागे; या यंत्राचे तारेचे दाते रुई ओढून घेत आणि सरकी मागे राही. यंत्राने मजुरांचे कष्ट हलके झाले असतील, असे कोणालाही वाटेल, पण घडले उलटेच. सरकी काढणे स्वस्त होताच कापसाखालची जमीन वाढली आणि लागवड-वेचणीसाठी गुलामांची मागणीही वाढली. १८५९ च्या मार्चमध्ये सवानाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर एकाच मळेवाल्याकडील ४०० हून अधिक स्त्री-पुरुष व मुलांचा दोन दिवस लिलाव चालला होता. त्या शहरातील देखण्या हवेल्यांमागचा पैसा असा उभा राहिला, हे ध्यानात ठेवूनच त्या पाहाव्यात.

१८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर व दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. सवाना नदीच्या मुखावरील फोर्ट पुलास्की हा किल्ला सुमारे ३० तासांच्या तोफांच्या माऱ्यानंतर एप्रिल १८६२ मध्ये पडला, तेव्हा या बंदराचा उरलासुरला व्यापारही जवळजवळ थांबला. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले, जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून पुढे आले आणि मुंबईत शेअरबाजाराला उधाण आले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. त्याची झळ मुंबईतल्या सट्टेवाल्यांप्रमाणेच जळगावच्या पेठेलाही बसली. दक्षिणेच्या वखारींत गाठी अडकून पडल्या म्हणून खानदेशच्या शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खुळखुळले, असा हा जुना धागा आहे.

प्रश्न : त्याच युद्धात अटलांटा जळाले, असे वाचले आहे. मग सवाना कसे वाचले, आणि तेथील चौकांचे एवढे कौतुक का होते?
– एक सेवानिवृत्त शिक्षिका, धुळे

उत्तर : डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचे सेनापती शर्मन शहराच्या वेशीशी येताच बचावाची फौज रात्रीतून नदीपार निघून गेली आणि महापौरांनी शहर स्वाधीन केले. शर्मन यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना तारेने हे शहर नाताळची भेट म्हणून अर्पण केले; त्या तारेत तोफांबरोबर सुमारे २५,००० कापसाच्या गाठींचाही उल्लेख आहे.

चौकांचे कौतुक मात्र कोणत्याही सेनापतीमुळे नाही. ओगलथॉर्प यांच्या आखणीत प्रत्येक पेठेच्या मध्यभागी मोकळा चौक, उत्तरेस व दक्षिणेस घरांच्या जागा आणि पूर्वेस व पश्चिमेस सार्वजनिक इमारतींच्या जागा होत्या. शहर वाढले तशी हीच मांडणी पुढे गिरवली गेली आणि १८५१ पर्यंत चौकांची संख्या २४ झाली. आज त्यांपैकी २२ उरले आहेत. ओक वृक्षांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या शेवाळासारख्या वनस्पतीखाली चालताना दर काही मिनिटांनी नवा चौक समोर येतो, आणि घाईने चालणाराही तेथे थबकतो.

युद्धातून वाचलेले हे शहर पुढे मोटारींच्या तडाख्यात सापडले. १९५४ मध्ये वाहनतळासाठी जुनी मंडई पाडण्यात आली; नंतर १८२० मधील डेव्हनपोर्ट हाऊसवरही तीच पाळी येणार, असे दिसताच सात महिलांनी १९५५ मध्ये संस्था स्थापून ते घर विकत घेतले. पुढे ही संस्था जुनी घरे घेई आणि ती न पाडण्याच्या अटीवर पुन्हा विके. मंडईच्या जागेवरील वाहनतळ हटवून तेथील एलिस चौक २०१० मध्ये पुन्हा खुला झाला. आपल्या गावातील जुने वाडे ज्या वेगाने जमीनदोस्त होत आहेत, तो पाहता ही युक्ती नगरपालिकांनी मुद्दाम अभ्यासावी.

प्रश्न : मार्च महिना सोयीचा आहे काय? एक दिवस पुरेल काय?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : हवा उत्तम असते आणि अझेलियाची फुलेही याच सुमारास बहरतात, परंतु १७ मार्चला सेंट पॅट्रिक दिनाची मोठी मिरवणूक असते आणि निवास महाग होतो, म्हणून ती तारीख टाळावी. उन्हाळ्यातला पारा भुसावळच्या मे महिन्याइतका चढत नाही, पण दमटपणा सोसवत नाही. अटलांटाहून मोटारीने सुमारे चार तास लागतात, तेव्हा किमान दोन दिवस तरी ठेवावेत. एक दिवस चौक आणि फोर्साइथ उद्यानातील १८५८ चे कारंजे यांसाठी, तर दुसरा नदीकाठच्या वखारी, कापूस बाजाराची जुनी इमारत आणि फोर्ट पुलास्की यांसाठी द्यावा. नदीकाठचे रस्ते जहाजांतून भार म्हणून आणलेल्या ओबडधोबड दगडांचे आहेत. सपाट तळव्याची पादत्राणे जरूर न्यावीत.